आधी मैदान, मग वर्ग

शाळेत एखाद्या मुलाला शिक्षा करायची ठरली की पहिला बळी जातो पीटीच्या तासाचा. गणिताचा तास कुणी काढून घेत नाही, विज्ञानाचाही नाही. ‘वही पूर्ण केली नाहीस ना, मग आज मैदानावर जायचं नाही,’ एवढं म्हटलं की झालं. मी बडोद्यात व्यायामशिक्षिका आहे, त्यामुळे ही शिक्षा नेमकी माझ्या तासावर येऊन पडते. वर्ग रांगेनं खाली उतरतो आणि कुणीतरी एक वरच राहतं. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘बेन, ए तो आखो दिवस बेसतो ज नथी.’ दिवसभर जागेवर बसत नाही, म्हणून त्याला आणखी एक तास बसवून ठेवलेलं असतं.

ज्या मुलाला बसवत नाही त्याचंच पळणं काढून घ्यायचं, हे मला नोकरी लागली तेव्हापासून खटकत आलं आहे. त्यावर सविस्तर लिहावं असं आता वाटायला लागलं ते माझ्या भाच्यामुळे. धाकट्या बहिणीचा हा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मोठा झाल्यावर आपली गोष्ट कुणाला सांगायची, किती सांगायची, हे त्याचं त्यानं ठरवावं. आज तो मोजकंच बोलतो, पण नको असलेल्या गोष्टीला ‘नको’ म्हणतो, आणि ते आम्ही सगळे ऐकतो.

ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना आपल्या देशात चाळीस मुद्द्यांची एक मोजपट्टी वापरतात. गुण सत्तरच्या आत असले तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्याच्या वर तीव्र. बहिणीनं तो कागद घरी आणला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून तो पुन्हापुन्हा वाचत होतो. नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, त्याच त्या हालचाली करतो, आवाजाचा त्रास होतो. मूल कुठे अडतं ते सगळं त्यात होतं. काय केल्यावर त्याला मोकळं वाटतं, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. बहीण म्हणाली, ‘ताई, हे तर मलाही माहीत होतं गं. आता करायचं काय ते सांग.’

करायचं काय, यातला एक भाग आम्हाला कमाटीबागेत सापडला. सरकारी नाव सयाजीबाग, १८७९ सालची, पण जुने बडोदेकर कमाटीबागच म्हणतात. सकाळी लवकर गेलं तर तिथे फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी, योगासनं करणारे गट आणि मोरांचे आवाज एवढंच असतं. भाच्याला फुलांच्या घड्याळापर्यंतचा रस्ता पाठ झाला आहे. बहीण एका टोकाला उभी राहते, मी दुसऱ्या, आणि तो मध्ये पळतो. विश्वामित्रीच्या बाजूला आम्ही त्याला फिरकू देत नाही. नदीत मगरी आहेत, आणि अशा अनेक मुलांना पाण्याची ओढ असते पण धोक्याची जाणीव नसते.

तो पळतो कसा ते सांगते, कारण व्यायामशिक्षिका म्हणून मला ते बघायला फार आवडतं. टाचा टेकतच नाहीत, सगळा भार चवड्यांवर. कोपरं अंगाला चिकटलेली, डाव्या हाताची बोटं गालाजवळ सतत हलत असतात, मान किंचित एका बाजूला. वळण आलं की वेग कमी करणं त्याला जमत नाही, म्हणून तो आधी थांबतो, मग वळतो, मग पुन्हा सुटतो. पळण्याआधी त्याचं गुणगुणणं वरच्या पट्टीत असतं, तुटक, एकच सूर पुन्हापुन्हा. पाच-सात फेऱ्या झाल्या की तो सूर खाली येतो. घामानं शर्ट पाठीला चिकटला की तो स्वतःच थांबतो, बागेतल्या छोट्या रेल्वेच्या रुळांजवळच्या एका झाडाला पाठ दाबून उभा राहतो आणि पाण्याची बाटली मागतो. मागतो म्हणजे हात पुढे करतो आणि ‘पाणी’ म्हणतो. एरवी हाच शब्द काढायला बराच वेळ जातो.

असं पळून शाळेत गेला की पहिले दोन तास बरे जातात. हे आम्हाला आधी त्याच्या वर्गशिक्षिकेकडून कळलं. सकाळी बागेत जातो हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. डायरीत कधी ‘आज वही पूर्ण केली’, कधी ‘आज खूप चंचल होता’ असं त्या लिहायच्या. बहिणीनं ती पानं आणि पावसामुळे किंवा पाहुण्यांमुळे बाग चुकलेले दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर बरेचसे जुळत होते.

एका मुलावरून सगळं ठरवू नये. म्हणून मी वाचायला लागले, आणि कळलं की ही गोष्ट चाळीसएक वर्षांपूर्वीच तपासून झाली आहे. कॅलिफोर्नियात लिन केर्न, रॉबर्ट कोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वमग्न मुलांना थोडा वेळ जॉगिंग करायला लावलं आणि त्यानंतर त्यांचं वागणं नोंदवलं. त्याच त्या हालचाली कमी झाल्या, आणि अभ्यासातली बरोबर उत्तरं वाढली. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘दमवा त्याला, म्हणजे गप्प बसेल,’ असं सगळे म्हणतात. पण दमलेल्या मुलाची बरोबर उत्तरं वाढायची नाहीत, ती घटतील. इथे ती वाढली. म्हणजे पळण्यानं मूल थकून आडवं होत नव्हतं, ते अभ्यासाला तयार होत होतं.

त्याच गटानं १९८४ साली पुढचा प्रश्न घेतला. कुठलाही व्यायाम चालेल का? त्यांनी मुलांना एकदा पंधरा मिनिटं चेंडूचा हलका खेळ दिला आणि एकदा पंधरा मिनिटं सलग जॉगिंग. चेंडूच्या खेळानं जवळजवळ काही फरक पडला नाही. फरक पडला तो जॉगिंगनं. हे वाचून मी आमच्याकडच्या पीटीच्या तासाचा विचार करत राहिले. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं रांगा लावण्यात जातात, दहा हजेरीत आणि सूचनांत, मग दोन चेंडू आणि साठ मुलं. भाच्यासारखं मूल त्यात कडेला उभं राहून माती चिवडतं. त्याच्या अंगाला व्यायाम घडतच नाही, आणि कागदावर मात्र पीटीचा तास झालेला असतो. छाती भरून यावी, घाम यावा, श्वासाचा आवाज कानाला ऐकू यावा, इतकं पळणं हवं. सलग हवं, आणि वर्गाच्या आधी हवं.

वर्गाच्या आधी, यावर माझा भर आहे, कारण आपल्याकडे खेळ हे बक्षीस असतं. सगळं लिहून झालं तर खेळायला सोडू. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत हे खपून जातं. स्वमग्न मुलाच्या बाबतीत क्रम उलटा लागतो. लिहिण्यासाठी जे अंग शांत व्हायला हवं, ते शांत करण्याचं साधनच आपण लिहिल्यानंतर देतो. मग मूल लिहीत नाही, म्हणून खेळ मिळत नाही, म्हणून उद्याही लिहीत नाही. या चक्रात मी मुलांची वर्षं गेलेली पाहिली आहेत. आणि शेरा मात्र मुलाच्या नावावर पडतो, ‘वर्तन असमाधानकारक’.

परिणाम कायमचा नसतो, हेही पालकांना सांगायला हवं. सकाळचं पळणं सहाव्या तासापर्यंत पुरत नाही. म्हणून दिवसात मधे मधे काहीतरी लागतं. भाच्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं काही सोप्या गोष्टी सांगितल्या आहेत. भिंतीला दोन्ही तळवे लावून जोरात ढकलायचं. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून शिक्षकखोलीत पोचवायचा. जिने चढायचे, उतरायचे. यांच्यामागे धावण्याइतका भक्कम अभ्यास नाही, पण स्नायूंवर आणि सांध्यांवर जोर आला की त्याला आपलं अंग कुठे आहे ते कळतं असं दिसतं, आणि वह्यांच्या गठ्ठ्याचा आणखी एक फायदा झाला. वर्गातल्या मुलांच्या दृष्टीनं तो आता काम करणारा मुलगा आहे. ‘आज गठ्ठा माझ्याबरोबर,’ म्हणून एक मुलगी त्याच्या जोडीला जाते.

आता हातांविषयी. भाचा हात फडफडवतो. आनंद झाला की फडफडवतो, घाबरला की फडफडवतो, विचार करतानाही. अभ्यासांमध्ये ही फडफड मोजतात आणि ती कमी झाली की उपाय लागू पडला असं धरतात. शाळाही तेच धरते. मला यात मोठी चूक दिसते. मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी आता लिहायला, बोलायला सुरुवात केली आहे, आणि त्यातले अनेकजण सांगतात की या हालचाली त्यांना सावरून धरतात, त्या बळंच थांबवल्या की सगळं लक्ष त्या थांबवण्यातच जातं. ज्यानं हे अंगानं भोगलं आहे त्याचं म्हणणं आपण आधी ऐकायला हवं.

म्हणून मला २०११ सालचा अमेरिकेतला एक छोटा अभ्यास सगळ्यात जवळचा वाटतो. त्यात नऊ मुलं होती, तीन ते सहा वर्षांची. वर्गात बसण्याआधी पंधरा मिनिटं त्यांना पळवलं. अभ्यासातली बरोबर उत्तरं स्पष्टपणे वाढली. हालचालींमध्ये मात्र मोजण्यासारखा बदल झाला नाही, आणि कामाला लागून राहण्याच्या वेळातही नाही. वरवर बघणाऱ्याला हा अर्धाच निकाल वाटेल. मला तो पूर्ण वाटतो. मूल हात हलवत होतं आणि बरोबर उत्तरंही देत होतं. या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकतात, हे शिक्षकखोलीतल्या प्रत्येकानं एकदा वाचावं. भाचा सात अधिक आठ करतो तेव्हा त्याची डावी बोटं गालाजवळ नाचत असतात आणि उजवा हात पंधरा लिहितो. ती बोटं धरून ठेवली तर पंधरा लिहिलं जाणार नाही, हे मी खात्रीनं सांगते.

तेव्हा व्यायाम कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. मूल पुतळ्यासारखं बसावं आणि वर्गाला त्याचा त्रास होऊ नये यासाठी असेल, तर मुलाला त्यातून काही मिळत नाही. त्याला हलकं वाटावं, त्याला जे कळतं ते कागदावर उतरावं, शाळेतून घरी येताना त्याचा चेहरा आंबलेला नसावा, यासाठी असेल, तर मी त्याच्यामागे रोज पळायला तयार आहे.

व्यायाम कुठला, हा माझ्या धंद्याचा प्रश्न. डेलावेअर विद्यापीठातल्या अंजना भट यांनी २०२० मध्ये अकरा हजारांहून जास्त स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. त्यांतल्या सुमारे ८७ टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयात अडचण असण्याची शक्यता दिसली. चेंडू झेलणं, एका पायावर उभं राहणं, सायकल चालवणं, बूट बांधणं. निदानाच्या वेळी याकडे फारसं कुणी बघत नाही, सगळे बोलण्याकडे बघतात. आणि मग अशा मुलाला आपण क्रिकेटमध्ये उभं करतो, जिथे चेंडूही झेलायचा असतो आणि सोबत्यांचे इशारेही ओळखायचे असतात. खो-खो हा माझा आवडता खेळ, पण ‘खो’ कधी मिळेल हे आधी कळत नाही, पाठीवर अचानक थाप बसते. भाचा त्या थापेनं किंचाळला होता. त्याला खो-खो आवडत नाही म्हणून तो खेळकर नाही असं नव्हे. त्याला असा व्यायाम हवा ज्यात पुढे काय येणार ते माहीत असतं. पळणं, पोहणं, दोरीवर चढणं, सूर्यनमस्कार. इराणमध्ये ५ ते १६ वयाच्या मुलांना चौदा आठवडे कराटेतले काता शिकवले, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्याच त्या हालचाली बऱ्याच कमी झाल्या, आणि महिनाभर सराव बंद ठेवल्यावरही फरक टिकून होता. ठरलेला क्रम या मुलांना मानवतो. आपल्या सूर्यनमस्कारावर असंच काम कुणीतरी नेटानं करावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणि बडोद्यात ते व्हायला काय हरकत आहे? दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं नाव आमच्या घरात देवघराइतक्याच आदरानं घेतलं जायचं. जुम्मादादांचे शिष्य माणिकराव यांनी ते वाढवलं, आणि माणिकरावांकडे लोक हाडं बसवून घ्यायलाही लांबून येत. व्यायामावरचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश याच शहरात तयार झाला. माझे बाबा त्या व्यायाममंदिरातले. ते सांगायचे, तालमीत मंद म्हणून कुणाला घरी पाठवत नसत. ज्याला जे जमेल ते त्याच्याकडून करून घेत, कुणाला नुसती माती उकरायला देत. माती उकरणं हाही दणदणीत व्यायाम आहे हे आज मला थेरपिस्ट सांगते. बाबांना ते कुणी सांगावं लागलं नव्हतं.

भाच्याला मल्लखांबाकडे न्यायची कल्पना बाबांचीच. आमच्या भागातल्या एका छोट्या तालमीत आम्ही त्याला घेऊन गेलो. मल्लखांबाला एरंडेल लावतात, आणि तो चिकटपणा त्याला सहन होईना. हात अंगापासून लांब धरून तो उभाच राहिला. सरांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी एक ठेंगणा खांब पुसून कोरडा ठेवला. साधी अढी घालताना खांब दोन्ही मांड्यांत घट्ट आवळावा लागतो. इतर मुलांना हे आवळणं शिकवावं लागतं, आवळ म्हटलं तरी सुटतात. भाच्यानं आवळलं ते सोडेचना. खांबाला गाल लावून, डोळे मिटून, पायांनी पूर्ण जोर देऊन तो तसाच राहिला आणि त्याचं गुणगुणणं बंद झालं. सर म्हणाले, ‘राहू दे त्याला. पकड सुंदर आहे.’ बहिणीनं माझा हात धरला होता. आपल्या मुलाविषयी ‘सुंदर’ हा शब्द एखाद्या शिक्षकाच्या तोंडून तिनं बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. आता तो अढीपासून खांबावर थोडा वर सरकतो. सलामी करताना अजून चुकतो. त्याची कुणाला घाई नाही.

गरब्याविषयी न लिहिता बडोद्यातल्या व्यायामाविषयी लिहिणं अशक्य आहे. नवरात्रात शहराच्या मोठ्या मैदानांवर हजारो लोक गोलात फिरतात, आणि लाउडस्पीकरचा आवाज छातीत घुमतो. भाच्याला तिथे नेणं म्हणजे त्याचा छळ आहे, कान झाकले तरी तो आवाज अंगातून शिरतो. पण गरबा स्वतः या मुलांसाठी घडवल्यासारखा आहे. गोल ठरलेला, दिशा ठरलेली, टाळ्या ठरलेल्या, तेच पाऊल पुन्हापुन्हा, आणि वेग हळूहळू वाढत जातो. घाम तर असा निघतो की विचारू नका. मग आम्ही गच्चीवर करतो. फोनवर बारीक आवाजात गाणं, मध्ये एक कुंडी, आणि तिच्याभोवती बहीण, मी, शेजारच्या मासी, त्यांच्या दोन नाती आणि भाचा. दोन टाळीचा गरबा त्याला चांगला जमतो. तीन टाळीला तिसरी टाळी उशिरा पडते, म्हणून मासींनी सगळ्यांनाच तिसरी टाळी उशिरा द्यायला लावली. गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या शेरी गरब्यात, आरतीनंतर लाउडस्पीकर लावायच्या आधी, त्यांनी चार फेऱ्या अशाच घ्यायला लावल्या. भाचा गोलात होता. त्याचा चणिया-चोळीवाल्या आजीशी हात सुटला तेव्हा त्यानं स्वतः पुढे होऊन तो पुन्हा धरला.

काही खबरदारी सांगायलाच हवी, कारण पालक उत्साहात विसरतात. ऑटिझम असलेल्या काही मुलांना फिट येतात. तसं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोहणं आणि उंचीवर चढणं नको. चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनसारखं औषध चालू असेल तर वजन वाढतं, भूक वाढते, अशा मुलाला पळायला सुरुवातीला जड जाईल. त्यावरून त्याला आळशी म्हणू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. ज्या मुलाला तहान लागली हे सांगता येत नाही त्याला दर काही मिनिटांनी पाणी हातात द्यायचं. आणि त्यानं थांब म्हटलं की थांबायचं. व्यायामाची सक्ती झाली की तोही एक छळच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींचे नवे निकष दिले, त्यात अपंगत्व असलेल्या मुलांचाही पहिल्यांदा वेगळा उल्लेख केला. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं, तेवढीच, जेवढी इतर मुलांना. आपला कायदा त्याच्याही आधीचा आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि त्यात ऑटिझम आहे. त्याचं कलम १६ सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांना सांगतं की अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या, आणि शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्या. खेळ असं स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचल्यावर मी बहिणीला फोन केला आणि म्हटलं, ‘अगं, त्याचा पीटीचा तास कापणं ही नुसती शिक्षा नाही. कायद्यानं दिलेली गोष्ट काढून घेणं आहे ते.’ सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ साली ते संपूर्ण राज्याला लागू केलं. सगळी मुलं वर्गात आली पाहिजेत हे या गावानं इतक्या आधी मान्य केलं. सगळ्यांमध्ये भाचाही येतो, आणि तो वर्गात येतो तो आपल्या पायांवर, त्या पायांची गरज घेऊन.

त्याच्या शाळेनं मागच्या वर्षी वर्तनाच्या कारणावरून त्याचा मैदानाचा तास बराच काळ बंद ठेवला होता. बहीण भांडली नाही. ती डायरीची पानं घेऊन गेली, बागेच्या तारखा घेऊन गेली, आणि वर्गशिक्षिकेनं तिची बाजू घेतली. त्या बाईंना साठ मुलं सांभाळायची असतात, मदतनीस नाही, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची रिसोर्स शिक्षिका आठवड्यातून एखादा दिवस येते. दोष त्यांच्यावर टाकून आपण सुटू शकत नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, ‘सवारे पहेला दोडावीए तो चालशे?’ सकाळी आधी पळवलं तर चालेल का?

जूनमध्ये नवीन वर्षाचं वेळापत्रक लागेल. त्यासाठीचा अर्ज मी आणि बहीण मिळून लिहितो आहोत. प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं मैदान, त्याच्यासाठी आणि ज्यांना यायचं असेल त्या सगळ्या मुलांसाठी, म्हणजे तो एकटा वेगळा पडणार नाही. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं जिने आणि गठ्ठे. आणि कुठल्याही कारणासाठी पीटीचा तास काढून घेऊ नये, ही ओळ कलमासकट. तिथले पीटीचे सर तरुण आहेत, लवकर यायला तयार आहेत, पण साताच्या आधी फाटक उघडत नाही, आणि किल्ली शिपाईभाईंकडे असते. बहीण परवा त्यांच्याशी बोलणार आहे. मी सरांना सलग जॉगिंग कसं घ्यायचं ते लिहून देते आहे, रांगा न लावता, शिट्टी न वाजवता, कारण शिट्टीनं भाचा कान झाकून जमिनीवर बसतो. शिट्टीऐवजी लाल रुमाल हलवला तरी त्याला कळतं.